आपल्या संस्कृतीची सत्ता कोठवर?

बेळगाव-निपाणीकडील जुन्या मराठी घरांत नाटक-संगीताचा विषय निघाला की एक वाक्य हटकून कानी पडते : कर्नाटकाला गाण्याचे वेड लावले ते आपल्या नाटक कंपन्यांनी. हे खोटे नव्हे. परंतु अर्धेच खरे आहे, आणि अभिमानाच्या भरात विसरले जाते ते उरलेले अर्धे.

प्रथम जमेची बाजू पाहू. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. १८८२ साली 'सौभद्र' आले. पुढे मराठी कंपन्यांनी हुबळी-धारवाडपर्यंत मुलूख गाजविला. कुंदगोळचे रामभाऊ मराठी रंगभूमीवर गाऊनच 'सवाई गंधर्व' झाले.

आता नावेची बाजू. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहूनच चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभे केले. म्हणजे मराठी नाटकाची प्रेरणाच कानडी मुलखातून आलेली! गायकीचेही तेच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी आणली ती ग्वाल्हेरची. करवीर दरबारचे अल्लादियाखाँ राजस्थानचे. मिरजेस राहिलेले अब्दुल करीमखाँ कैराण्याचे. आपण दिले ते आधी घेतलेलेच होते.

कोणी म्हणेल, घेतले तरी आपण त्याला स्वतःचे रूप दिले. अगदी बरोबर! मग हाच न्याय दुसऱ्यालाही लावावा. गदगच्या शांतकवींना मराठी नाटकांचा बोलबाला खुपला. त्या ईर्ष्येने त्यांनी १८७० च्या दशकात कानडीत नाटके लिहून मंडळी उभी केली. आपल्या नाटकाची याहून मोठी पावती कोणती? धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलत; कानडीचे ते महाकवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार कानडी काव्याने मिळविला. उलट बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कानडी घरातले कुमार गंधर्व देवासला जाऊन माळव्याची लोकगीते आणि कबीर गायले, आणि बालगंधर्वांची पदेही नव्याने उलगडून दाखविली. हे कोणाचे, असा दावा कोणत्या कचेरीत लावणार?

जगाचा अनुभव निराळा नाही. संगीतिका १६०० च्या सुमारास इटलीत जन्मली आणि पुढे युरोपभर इटालियन गाण्याचा दरारा राहिला. मोझार्टने स्वतः इटालियन संगीतिका लिहिल्या. पण १७९१ साली 'जादूची बासरी' रचली ती जर्मन भाषेत. इटलीचा प्रभाव सिद्ध झाला तो तेव्हा. कालिदासाचे 'शाकुंतल' १७८९ साली विल्यम जोन्सने इंग्रजीत नेले, तेथून ते जर्मनीत पोचले आणि गटे त्यावर लुब्ध झाला. अण्णासाहेबांचे 'शाकुंतल' मात्र तिकडे गेले नाही, कारण पदाचा अर्धा प्राण त्याच्या भाषेत असतो. शब्द भाषांतराने जातात, सूर गळ्याने जातात. दोहोंनाही पलीकडे आपुलकीने उचलून घेणारा कोणी लागतो. प्रभाव आपण पाडत नसतो. दुसरा तो स्वीकारत असतो.

सीमाभागातील जाणते लोक यावर विचारतील : १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत आम्ही तिकडे गेलो, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, अशा वेळी देवाणघेवाणीच्या गोड गोष्टींनी आमचा हक्क दुबळा नाही का होणार? प्रश्न रास्त आहे. परंतु मुलाला मराठी शाळा आणि नागरिकाला मराठीत कागद हे मागणे माणसांच्या संख्येवर आणि न्यायावर उभे आहे. आमची संस्कृती थोर, म्हणून ते द्या, असे म्हटले की समोरचाही आपली थोरवी काढतो, आणि मूळ मागणे बाजूला पडते.

म्हणून हक्कासाठी भांडावे ते नेटाने. पण त्यासाठी कानडीकडे पाठ फिरवू नये. ज्या घरांत दोन्ही भाषा कळत होत्या, तेथूनच हे सारे वैभव आले. उद्या बेळगावच्या मराठी मुलाला कानडी नाटक कळेनासे झाले आणि कानडी मुलाला मराठी पद परके वाटू लागले, तर कोर्टाचा निकाल कोणाच्याही बाजूने लागो, गुर्लहोसूरला दुसरे अण्णासाहेब व्हायचे नाहीत.