हेल्मेट घ्या, रक्त द्या!

आपल्या नगर जिल्ह्यात नेत्याचा वाढदिवस आला की रक्तदान शिबिराचा फ्लेक्स लागतो. खाली मोठ्या अक्षरांत: ‘प्रत्येक रक्तदात्यास भेटवस्तू’.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. मग हेल्मेट, पाण्याचा जार ही किंमत नव्हे तर काय?

‘डॉक्टर, त्याशिवाय लोक येत नाहीत,’ असे आयोजक सांगतात. पण जो वस्तूसाठी येतो, तो जुनी कावीळ किंवा मागच्याच महिन्यात दिलेले रक्त सांगेलच असे नाही. रक्ताची तपासणी होते, हो. पण एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसचा संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीतही निसटू शकतो. तिथे दात्याचा खरेपणाच कामी येतो.

शिवाय लाल पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. वाढदिवसाला पिशव्यांचा ढीग, आणि मे महिन्यात थॅलेसेमियाच्या मुलाचा बाप रक्तपेढ्या पालथ्या घालतो. त्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते.

आयोजकांनो, हेल्मेटऐवजी दात्यांच्या फोन नंबरांची वही ठेवा. पुरुषांना तीन, महिलांना चार महिन्यांनी आठवणीने फोन करा.