अकिलिसची टाच आणि बाबांचा कर्ण

परवाचीच गोष्ट. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात मैत्रीण चाकणच्या कंपनी बसची वाट बघत होती. मी सोबतीला. तिच्या हातात मॅडलिन मिलरचं ‘द साँग ऑफ अकिलिस’, डोळे लालबुंद. ‘‘अगं, रात्री दोनला संपवलं. काय माणूस होता यार अकिलिस!’’

झालं! मी लगेच मास कॉमची डिग्री बाहेर काढली. म्हटलं, ‘‘बाई गं, ही २०११ची कादंबरी. सांगतोय कोण, तर त्याच्या प्रेमात बुडालेला पॅट्रोक्लस. होमरचा अकिलिस मित्राच्या चितेवर बारा ट्रोजन तरुणांचा बळी देतो, माहितेय?’’ तिने नाक मुरडलं. बस आली, मॅडम गेल्या.

तसं आपल्या डोक्यातलं ग्रीस असंच इकडून-तिकडून गोळा केलेलं. ऑफिसच्या पीसीवर ज्याच्या नावाने अँटिव्हायरस बोंब मारतो, तो ट्रॉयचा लाकडी घोडा ‘इलियड’मध्ये नाहीच. ते हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर संपतं; घोडा भेटतो ‘ओडिसी’त. २००४च्या ‘ट्रॉय’मध्ये ब्रॅड पिट झक्कास, पण तिथे अगामेम्नॉनला ब्रिसिस भोसकते. जुन्या कथेत तो जिंकून घरी जातो आणि बायकोच्या कटात मरतो. डिस्नेच्या १९९७च्या ‘हर्क्युलिस’मध्ये हेरा प्रेमळ आई! मूळ कथेत हीच सावत्र आई त्याच्या पाळण्यात साप सोडते.

ही सगळी टेप मी घरी बाबांसमोरही वाजवली. आणि त्याच भरात कपाटातल्या ‘मृत्युंजय’कडे बोट दाखवलं. शिवाजी सावंतांची १९६७ची कादंबरी. आमच्या प्रतीची शिवण कधीच सुटलीय. ‘‘तुमचा कर्ण तरी काय वेगळा? सभापर्वात द्रौपदीची वस्त्रं काढायला दुःशासनाला तोच सांगतो.’’

बाबा बराच वेळ गप्प. त्यांची अख्खी नोकरी शॉप फ्लोअरवर गेली. मग म्हणाले, ‘‘माहितेय गं. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा माझाच सुपरवायझर झाला, त्या वर्षी वाचलं ते. नाईट शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत. तेव्हा मला महाभारत नको होतं, कर्ण हवा होता.’’

इतक्या वर्षांत हे मला ठाऊकच नव्हतं.

चहाचा कप ठेवता ठेवता ते पुढे बोलले, ‘‘पण तू म्हणतेस तेही खरं. द्रौपदीची ती पानं मी भरभर उलटली होती.’’

रात्री मैत्रिणीला मेसेज टाकला : ‘सॉरी. पुस्तक देशील? बदल्यात माझं इलियड घे.’ उत्तर आलं : ‘देते. पण शेवट वाचताना जवळ रुमाल ठेव.’

बाय द वे, अकिलिसची ती फेमस टाचही ‘इलियड’मध्ये नाही. हे मात्र मी तिला अजून सांगितलेलं नाही. आधी पुस्तक वाचते.