दिवे आणि प्रबंध

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनात ‘सारथी’च्या संशोधन अधिछात्रवृत्तीची चर्चा चालू असता, पीएच.डी. होऊन ही मुले कोणते दिवे लावणार, असा प्रश्न तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी केला. त्यावर गदारोळ झाला, वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि प्रश्न होता तेथेच राहिला. आम्हांस तो प्रश्न विचारणे गैर वाटत नाही. सरकारी तिजोरीतून ज्यास पैसा मिळतो त्याजकडे लोकप्रतिनिधींनी हिशेब मागावा, हे रास्तच आहे. मात्र हिशेब मागणाऱ्याने तो समजून घेण्याचे कष्टही घेतले पाहिजेत. कारण प्रत्येक विद्याशाखेचा हिशेब निराळा असतो.

इरावती कर्वे १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये पीएच.डी.साठी मानवी कवट्या मोजीत होत्या. या कामातून नवरा-बायकोच्या संसारास अथवा देशाच्या तिजोरीस काय लाभ, असे त्या वेळी कोणीही विचारले असते. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची कल्पना अशी, की कवटीच्या दोन बाजूंमधील विषमतेतून गोऱ्या वंशाचे वेगळेपण दिसून येईल. कर्वे यांनी मोजमापे घेतली आणि वंशाचा व या विषमतेचा संबंध आढळत नाही, असे प्रबंधात लिहिले. पुढे याच फिशर यांनी नाझी वंशवादास शास्त्राचे पाठबळ दिले, हे ध्यानात घेतले म्हणजे एका मराठी विद्यार्थिनीने गुरूच्या मताविरुद्ध मांडलेल्या त्या आकड्यांचे मोल कळते. डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील लंडनचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि दोनच वर्षांनी चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. एका प्रबंधाचा उपयोग दोन वर्षांत दिसला. दुसऱ्याचा उमगण्यास दशके लागली.

आमचे नियम मात्र सर्वांस एकाच गजाने मोजतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्रबंधास किमान तीन व सामान्यतः कमाल सहा वर्षे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास प्रयोगशाळा तयार मिळते, बहुधा विषयही मार्गदर्शकच सुचवितात. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांवर काम करू पाहणाऱ्याची पहिली काही वर्षे लिपी अंगवळणी पाडण्यातच जातात. (आम्ही शाळेत शिकवीत असता मोडीचा एक कित्ता गिरविण्याचा यत्न केला होता, त्याविषयी अधिक न बोललेले बरे!) कोकणातील सड्यांवरील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. तेथील कित्येक फुले पावसाळ्यातील थोडे आठवडेच असतात. त्या आठवड्यांत प्रवासाचे पैसे हाती नसतील, तर त्या विद्यार्थ्याचे वर्षच बुडते.

अधिछात्रवृत्ती रखडण्याची तक्रार म्हणूनच क्षुल्लक नव्हे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकास दरमहा ३७,००० रुपये ठरले आहेत. रक्कम अपुरी नाही. परंतु ती आठ महिन्यांनी एकदम मिळाली तर शेतकऱ्यास पेरणीनंतर मिळालेल्या बियाण्यासारखीच तिची गत होते.

विद्यापीठांचा दोषही झाकण्याचे कारण नाही. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, या सक्तीने पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके पोसली गेली. २०२२ मध्ये सक्ती उठली, सवय उठलेली दिसत नाही. पदोन्नतीपुरते लिहिलेले आणि मार्गदर्शकानेही धड न वाचलेले प्रबंध आहेत, हे प्राध्यापक खासगीत कबूल करतात. दिव्यांचा प्रश्न त्यांस झोंबला तो याचमुळे.

प्रबंधांच्या प्रती ‘शोधगंगा’ या संग्रहात ठेवाव्या लागतात व तेथे कोणासही त्या विनामूल्य वाचता येतात. तथापि बहुतेक प्रबंध इंग्रजीत आणि त्या त्या शास्त्राच्या परिभाषेत असतात. राज्याच्या पैशावर झालेल्या प्रत्येक प्रबंधाचा चार पानी मराठी गोषवारा विद्यापीठांनी लिहून घ्यावा व विधिमंडळाच्या ग्रंथालयात पाठवावा, आणि शासनाने अधिछात्रवृत्तीचा पुढील हप्ता जूनपूर्वी द्यावा, अशी आमची सूचना आहे.