पाच मिनिटे कोणाची?

भिगवण रस्त्याने बारामतीच्या बाहेर पडा, नाहीतर इंदापूरहून अकलूजच्या दिशेने निघा. शेताच्या बांधावर उभे केलेले रंगीबेरंगी फलक आपले स्वागत करतात. 'एन. ए. प्लॉट', 'बंगलो प्लॉट', 'निसर्गाच्या कुशीत हक्काचे घर', आणि त्याखाली ठरलेली ओळ : 'एस. टी. स्टँडपासून फक्त पाच मिनिटे'. मित्रहो, या पाच मिनिटांविषयीच मला थोडे लिहायचे आहे. ही मिनिटे कोणाची? मोटारसायकलवर टांग टाकून सुसाट निघालेल्या तरुणाची. त्याच तरुणाची आई पायी निघाली तर तिला पाऊण तास लागेल. आणि त्या पाऊण तासात डोक्यावर सावली नाही, पायाखाली पदपथ नाही. फलकावर आईचा हिशेब कोणी धरलेलाच नाही.

बरे, स्टँडवर रोज कोण जातो? रोज लागते ते दूध, कोथिंबीर, अर्धा किलो साखर, खायचा सोडा, वहीचे पान संपले तर वही. या वस्तू पायी जाऊन आणता येतात की नाही, यावरून मी वसाहतीची परीक्षा करते. आणि या परीक्षेत आपल्या दोन्ही गावांभोवतालच्या बहुतेक नव्या वसाहती सपशेल नापास होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोरोपंतांनी आयुष्याचा मोठा भाग ज्या बारामतीत काढला, ते कऱ्हेकाठचे गाव या टोकाकडून त्या टोकाला चालत जाता येईल एवढेच होते. पेठेत खाली दुकान आणि वर माडीवर बिऱ्हाड, ही रचना आजही दिसते. मी काही जुन्या पेठेचे गोडवे गायला बसलेली नाही. बोळ अरुंद, हवा कोंडलेली, दारात गाडी लावायची सोय नाही. लोक बाहेर का पडले हे समजण्यासारखे आहे. पण बाहेर पडताना त्यांनी अडचणींबरोबर दुकानही मागे ठेवले, आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही.

आखीव वसाहत आपल्याकडे नवीन नाही. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाने इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे उठवली. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की अजून डोके वर काढते. उठलेल्या लोकांना नवी गावठाणे मिळाली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट. अशा गावठाणातून आज फिरा. दुकान बहुधा घराच्याच पुढच्या खोलीत सापडते : एक फळी, चार बरण्या, वर टांगलेली पुड्यांची माळ. नकाशावाल्याची वाट न पाहता लोकांनी आपली सोय केली, आणि शेजाऱ्यांनीही त्याला 'धंदा थाटला' म्हणून नाक मुरडले नाही.

मग नव्या प्लॉटिंगमध्ये असे का होत नाही? कारण कायद्यात शोधायला गेलो तर हाती फारसे लागत नाही. नगररचनेचा मूळ कायदा १९६६ चा. राज्यातील बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली २०२० साली आली. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. (ती बहुधा ओढ्याकडेच्या, विकता न येणाऱ्या कोपऱ्यात कशी जाते, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) रस्त्याची रुंदी पाहून निवासी भागात दुकानांना परवानगीही मिळते. म्हणजे दुकानाला मनाई नाही. पण दर अमुक घरांमागे एक किराणा दुकान चालत्या अंतरावर असलेच पाहिजे, असा आग्रह प्लॉट पाडणाऱ्याकडे कोणी धरत नाही. तो काय करतो? मोठ्या रस्त्याला लागून असलेली पट्टी दुकानांसाठी राखतो, कारण तिथे गुंठ्याला भाव चढा मिळतो. त्या गाळ्यांत मोबाईल येतो, टाइल्स येतात, हॉटेल येते. एवढे भाडे भरून धने-जिरे विकणे कोणालाच परवडत नाही.

दुसरे कारण याहून खोल आहे. समजा, शंभर प्लॉट विकले गेले. त्यांतले ऐंशी पुण्या-मुंबईकडच्या नोकरदारांनी नाहीतर ऊसाचे पैसे गुंतवणाऱ्या बागाईतदारांनी 'राहू दे पडून' म्हणून घेतले. उरलेल्या वीसांत घरे झाली. बाकी सगळीकडे गवत, बाभळी आणि कोपऱ्याचे सिमेंटचे खुंट. वीस घरांच्या जिवावर दुकान चालवणारा भला माणूस कुठून आणायचा? दुकान नाही म्हणून राहायला कोणी येत नाही, आणि राहायला कोणी नाही म्हणून दुकान निघत नाही. हा पेच नुसता नियम करून सुटणारा नाही, हे मलाही कळते.

पण त्याची किंमत कोण मोजतो ते पाहा. संध्याकाळी चहाला साखर नाही, तर घरधनी कामावरून येईपर्यंत थांबायचे किंवा फोन करून सांगायचे. बाईच्या हातात पैसे आहेत, पायात चपला आहेत, आणि तरी पावशेर साखरेसाठी ती दुसऱ्याच्या गाडीवर अवलंबून. दहा-बारा वर्षांची मुलगी दुकानात जाते, सुटे पैसे मोजून घेते, 'काका, कालचे दोन रुपये राहिले' म्हणून ठणकावते. व्यवहाराचे हे पहिले शिक्षण वसाहतीत मिळत नाही. म्हाताऱ्या आजोबांचे तर विचारूच नका. तंबाखूची पुडी हे निमित्त असते; दुकानाच्या पायरीवर चार माणसांचे तोंड दिसते, यासाठी ते निघतात. शिवाय महिनाअखेर आली की कोपऱ्यावरचा दुकानदार वहीत मांडून ठेवतो. फोनवरून माल घरपोच धाडणाऱ्या कंपनीकडे ही वही नाही.

'दुकान आले की टवाळखोर येतात, गुटखा येतो, कचरा होतो' असे वसाहतीतले सुशिक्षित लोक म्हणतात. आक्षेप खोटा नाही. गुटख्याला २०१२ पासून राज्यात बंदी असूनही तो मिळतो हे आपण सारे जाणतो. पण निर्मनुष्य रस्ता सुरक्षित असतो हे कोणी सांगितले? अमेरिकेत जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ सालीच लिहून ठेवले की, रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम दुकानदारासारखा माणूस जितके करतो तितके पोलीससुद्धा करू शकत नाही. संध्याकाळी सात वाजता शिकवणीहून एकटी परतणारी कोणतीही मुलगी याला साक्ष देईल : तिला त्या रस्त्यावर दिवा आणि ओळखीचा माणूस हवा असतो.

नगररचनाकारांना हे ठाऊक नव्हते असेही नाही. क्लॅरेन्स पेरीने १९२९ साली मांडलेल्या वसाहतीच्या आराखड्यात मध्ये शाळा, कडेच्या चौकांत दुकाने, आणि त्रिज्या पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर होती. चंदीगडचा सेक्टर साधारण ८०० बाय १२०० मीटरचा, आणि त्याच्या मधून बाजाराचा रस्ता जातो. पायांचे माप धरून नकाशे काढता येतात, आणि ते आपल्याच देशात काढले गेले आहेत.

लांब कशाला जा? दर आषाढात तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत पंढरपूरला जाते. त्या पालखी मार्गाचे रुंदीकरण आखताना वारकऱ्यांसाठी कडेने चालण्याची स्वतंत्र वाट धरली गेली. वर्षातून एकदा चालणाऱ्यांची आठवण नकाशात राहिली, याचा मला आनंद आहे. त्याच मार्गालगतच्या वसाहतीत बारा महिने राहणाऱ्या बाईला किराण्यापर्यंत जायला मात्र तशी वाट नाही. बारामतीत भर म्हणून नीरा डाव्या कालव्याचे पाणी आडवे येते. समोरच्या काठावरचे दुकान डोळ्यांना दिसते, पण पूल गाठायला वळसा पडतो.

माझी मागणी मोठी नाही. प्लॉटिंगला मंजुरी देताना आतल्या चौकातले दोन-तीन लहान गाळे किराणा, दूध, भाजी यांसाठीच राखावेत आणि वस्ती भरेपर्यंत ते नाममात्र भाड्याने द्यावेत. महिला बचत गटांना दिले तर अधिकच उत्तम. घराच्या पुढच्या खोलीत दुकान काढणाऱ्याला सोसायटीने अडवू नये. आणि दुकानापर्यंतच्या रस्त्याला एका बाजूने तरी कडुनिंब लावावेत.

प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून हरकती व सूचना मागवतात. त्या वेळी नुसत्या तक्रारीपेक्षा आकडे हाती असलेले बरे. आमच्या भूगोल विभागाचे विद्यार्थी दरवर्षी कुठे ना कुठे सर्वेक्षणाला जातातच. यंदा त्यांनी जळोची, रुई, तांदूळवाडीकडच्या वसाहती आणि इंदापूरच्या बाहेरचे प्लॉट घ्यावेत. प्रत्येक वसाहतीतल्या शेवटच्या घरापासून जवळच्या किराणा दुकानापर्यंत चालावे आणि वेळ टिपावी. सोबत साठी ओलांडलेल्या एखाद्या आजीला घ्यावे, तिच्या हातात पाच किलो पिठाची पिशवी द्यावी, आणि वेळ तिची लिहावी.