पाठीला भोपळा बांधून



आज तुम्हाला समुद्रात घेऊन जाणार आहे. घाबरू नका. मीही घाबरले होते, आणि त्या भीतीबद्दलच आज थोडे लिहायचे आहे.

फेब्रुवारीत मुलाने एलटीसी घेतली आणि आम्ही अंदमानला गेलो. मी, मुलगा, सूनबाई, बारा वर्षांची नात, आणि स्वखर्चाने आलेला माझा पुतण्या. पोर्ट ब्लेअर शहरापासून (2024 पासून त्याचे नाव श्री विजयपुरम झाले आहे) तासाभराच्या अंतरावर वंडूर गाव आहे. 1983 साली स्थापन झालेले महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान तिथेच आहे. वनखात्याचा परवाना घेऊन तिथून बोटीने जॉली बॉय नावाच्या निर्मनुष्य बेटावर जाता येते. प्लास्टिकच्या पिशव्यांना तिथे सक्त मनाई आहे. आमची चपाती, भाजी आणि सुकटीची चटणी स्टीलच्या डब्यात होती, म्हणून तपासणीत सुटली!

दोन्ही बाजूंना खारफुटीचे जंगल, मधून बोट चाललेली. बेटाजवळ पोहोचल्यावर तळाला काच बसवलेल्या लहान बोटीतून समुद्राचा तळ दाखवतात. ज्यांची इच्छा असेल त्यांना पाण्यात उतरून पाहता येते. याला स्नॉर्केलिंग म्हणतात. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात श्वासाची नळी, अंगात तरंगण्याचे जाकीट. मुलगा म्हणाला, "आई, तू काचेच्या बोटीतूनच बघ." मलाही तेच बरे वाटले. पण नात हात सोडीना. "आजी, चल ना!"

भगिनींनो, माझी भीती आजची नाही. 1972 च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते. आमच्या गावी गावविहिरीवर आम्हाला पाय ठेवता येत नव्हता. आई घागर घेऊन लांब उभी राहायची. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे. त्याच विहिरीत पाऊस बरा झालेल्या वर्षी गावातली मुले पाठीला सुकलेला भोपळा बांधून पोहायला शिकायची. त्यांच्या उड्यांचा आवाज वस्तीपर्यंत यायचा. आमच्या वस्तीतला एकही मुलगा पोहायला शिकला नाही. मुलींचे तर नावच नको. "पाण्याजवळ जाऊ नको," हे आईचे शब्द माझ्या कानांत बसले. आई मला बुडण्यापासून जपत होती आणि मारापासूनही.

ही गोष्ट कुठल्या काळातली पाहा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 सालीच झाला होता. 20 मार्च 1927 रोजी पूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. 1937 साली उच्च न्यायालयाचा निकालही आपल्या बाजूने लागला. त्यानंतर पस्तीस वर्षांनी माझी आई घागर घेऊन लांबच उभी होती! कायदा पाणी खुले करतो, पण मनातली भीती ज्याची त्यालाच काढावी लागते.

मी जाकीट घातले. छातीवर पट्टा आवळताना मनात आले, हा आपला भोपळा! मुखवट्याच्या कडेत केस अडकला आणि पहिल्याच क्षणी नाकात खारे पाणी गेले. मी ओरडून मार्गदर्शकाचा दंड धरला. तो शांतपणे म्हणाला, "माँजी, नाक को भूल जाइए, मुँह से साँस लीजिए." दुसऱ्या वेळी जमले. मान खाली घातली, आणि काय सांगू!

सांबराच्या शिंगांसारखे, माणसाच्या मेंदूसारखे, ताटांच्या उतरंडीसारखे प्रवाळ. त्यांतून पिवळे-काळे पट्टेदार मासे फिरत होते. पोपटासारख्या चोचीचा एक मासा खडक कुरतडत होता. त्याच्या पोटात गेलेल्या प्रवाळाची वाळू होऊन बाहेर पडते. किनाऱ्यावरची पांढरी वाळू बरीचशी अशी तयार होते.

प्रवाळ हा दगड नाही, झाडही नाही. ते लहान लहान प्राणी आहेत. चुनखडीची घरे बांधून ते हजारोंनी एकत्र राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. प्राणी शैवालाला आसरा देतो आणि शैवाल सूर्यप्रकाशातून अन्न बनवून प्राण्याला खाऊ घालते. रंगही मुख्यतः त्या शैवालामुळेच. एकाच्या आधाराने दुसरे असते, हे तथागतांनी सांगितलेले सूत्र मी पाण्याखाली डोळ्यांनी पाहिले.

पण मध्येच एक पांढराफटक पट्टा दिसला. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आतले शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी वेळेत निवले तर तो सावरतो, नाहीतर उपासमारीने मरतो. अंदमानात 2010 आणि 2016 साली असे मोठ्या प्रमाणावर झाले. गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. आपला एक पाय पडला तर कित्येक वर्षांची वाढ मोडते. म्हणून पाण्यात कुठेही उभे राहायचे नाही, कशाला हात लावायचा नाही. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडासुद्धा आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे.

परतताना नातीने पुतण्याच्या बोटाकडे पाहिले. त्याच्या अंगठीत लाल पोवळे आहे. मंगळासाठी कोणी तरी सांगितले म्हणून इंजिनिअर झालेला हा मुलगा ती घालतो! दागिन्यातले पोवळे वेगळ्या जातीचे, खोल पाण्यात वाढणारे. पण तोही अशाच लहान जीवांचा सांगाडा. नात म्हणाली, "काका, म्हणजे तुम्ही हाड घातलंय?" बोट हसली. तो नाही हसला. अंगठी अजून बोटात आहे, पण हात हल्ली खिशात असतो.

भगिनींनो, अंदमान सर्वांनाच परवडणार नाही, हे मला कळते. पण पोहणे परवडण्यासारखे आहे. बऱ्याच शहरांत पालिकेचे जलतरण तलाव आहेत, मुलींसाठी वेगळ्या वेळा असतात. जाकीट तरंगवते, पण पोहायला शिकवत नाही. खेड्यात असाल तर जाणत्या पोहणाऱ्याशिवाय मुलांना विहिरीत उतरू देऊ नका, पण शिकवा जरूर. 14 एप्रिलच्या जयंतीसाठी वर्गणी जमते, त्यातून वस्तीतल्या दहा मुलामुलींची पोहण्याची फी भरली, तर ते चवदार तळ्याचेच पुढचे पाऊल होईल.

परत आल्यावर मी नातीचे नाव तलावावर घातले. ती म्हणाली, "आजी, दोन फॉर्म घे." दुसरा फॉर्म अजून कपाटात आहे. भरला की कळवीन.

नमो बुद्धाय, जयभीम!