लसीचे वेळापत्रक कुणाच्या सोयीचे?



करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. आता पुन्हा लसीचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहीजण म्हणतील. पण घर शाकारायचे ते पावसाळ्याआधी. साथ अंगावर आली की नुसती धावपळ होते, विचार होत नाही. म्हणून आज शांत वेळी आम्ही हा विषय घेतला आहे.

"कष्टकरी माणूस अडाणी, तो लसीला घाबरतो," असे त्या काळात मोठ्या तोंडाने बोलले गेले. भीती होती, हे आम्ही नाकारीत नाही. लस घेतली की मूल होत नाही, माणूस दोन वर्षांत मरतो, अशा वावड्या मोबाईलवरून घरोघर पोचल्या होत्या. परंतु भीतीपेक्षाही आपल्या माणसाला आडवे आले ते वेळापत्रक, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उत्तनचेच उदाहरण घ्या. उत्तन, पाली, चौक, डोंगरी येथील कोळीबांधवांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै २०२१ बंद होती. सर्व प्रौढांना केंद्रातर्फे मोफत लस देण्याचे धोरण २१ जूनपासून सुरू झाले. खलाशी तेव्हा घरी होते, हे बरेच झाले. पण कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवसांचे अंतर ठेवलेले. २१ जूनला पहिला डोस घेतला, तर दुसरा १३ सप्टेंबरच्या आधी नाही. तोवर बोटी समुद्रात! कागदावर बिनचूक असलेली योजना बंदरावर अशी चुकते.

आपल्या वस्त्यांचे दुखणे वेगळे नाही. स्टीलच्या कारखान्यातला कामगार, कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणारी भगिनी, यांनी दिवसा रांग लावली की एक रोज बुडतो, आणि दुसऱ्या दिवशी ताप आला की आणखी एक. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण कोविनवर आगाऊ नोंदणी करण्याची अट होती. सुरुवातीला ते संकेतस्थळही इंग्रजीतच. शहरातले लोक मोटारी घेऊन खेड्यापाड्यांच्या केंद्रांवर लस घेऊन आले आणि तिथला आदिवासी पाहत राहिला. सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा २४ मे रोजी मिळाली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात या अन्यायाकडे बोट दाखविले. खाजगी रुग्णालयात कोविशिल्डचा एक डोस ७८० रुपयांपर्यंत. चार माणसांच्या घराने दोन-दोन डोस घ्यायचे म्हटले, तर हिशेब सहा हजारांवर जातो!

त्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकल दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच खुली झाली. उत्तनला रेल्वे नाही. बसने भाईंदर गाठायचे आणि तेथून लोकल. लस नाही तर पास नाही, पास नाही तर काम नाही, आणि कामावरून रजा मिळत नाही म्हणून लस नाही. या फेऱ्यात कोण अडकला, हे आम्ही सांगायला नको.

काही अधिकाऱ्यांना सक्तीचा मार्ग सोपा वाटला. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात (आजचे छत्रपती संभाजीनगर) लस नाही तर रेशन नाही, पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही. बाबासाहेबांच्या घटनेतील २१ व्या कलमाचा हा आधार आपण विसरता कामा नये.

सक्तीने काय होते, हे मुंबई-पुण्याने १८९७ च्या प्लेगात पाहिले आहे. घरझडत्यांनी लोक बिथरले, रोगी लपवू लागले. विश्वास मिळविला तो दुसऱ्याच मार्गाने. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. खोजा समाजाचे आगाखान यांनी आपल्या लोकांसमोर ती टोचून घेतली. त्याच साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीमाईंनी १० मार्च १८९७ रोजी प्राण ठेवला. पुढारी पुढे झाला की लोक मागे येतात.

तथागतांनी कालामांना सांगितले की, कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा. लसीबाबतही तेच करावे. कोविशिल्डमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे खरे आहे, आणि ते लपवू नये. परंतु तरुणांचे अचानक मृत्यू लसीमुळे वाढले, या समजाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अभ्यासात आधार मिळाला नाही. प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे, मात्र उत्तर डॉक्टरकडून घ्यावे, मोबाईलवरच्या निरोपावरून नव्हे.

नाहीतर किंमत मुले मोजतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावला गोवराची साथ आली, बालके दगावली. बाधितांपैकी अनेकांना लस मिळालेलीच नव्हती. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. आपल्या बाळाचे कार्ड आजच काढून पाहा!

आमची प्रत्येक शाखेला आणि महिला मंडळाला विनंती आहे की, विहारात एक वही ठेवा. घरटी माणसे, वय, जुना आजार, कामाची पाळी, सुटीचा वार आणि बाळांच्या लसींच्या तारखा त्यात लिहा. वही जबाबदार माणसाच्या ताब्यात राहू द्या, कारण आजार ही खाजगी बाब आहे. मग पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज द्या : रविवारी वंदनेनंतर विहारात शिबिर, आणि पाळीवाल्यांसाठी संध्याकाळची वेळ. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी मागणी विसरली जाते, आवक क्रमांकाला उत्तर द्यावे लागते. शेजारच्या कोळीवाड्यालाही सोबत घ्या, त्यांच्या बोटींचे वेळापत्रक त्यांच्याइतके कुणाला ठाऊक?

६ डिसेंबर २०२० रोजी लाखो अनुयायांनी चैत्यभूमीवर न येता घरूनच बाबासाहेबांना अभिवादन केले. एवढी शिस्त दाखविणाऱ्या समाजाला एक वही जड जाऊ नये.

जयभीम! नमो बुद्धाय!