दोन डॉलरची वर्गणी



अमेरिकेतल्या एखाद्या मिरवणुकीच्या फोटोत काळ्या गोंड्याची लाल तुर्की टोपी घातलेले, चिमुकल्या मोटारीत बसलेले पोक्त गृहस्थ दिसले, तर ते आपले भाईबंद समजू नका. ते ‘श्राइनर्स’. १८७२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक डॉक्टर आणि एक नाटकातला नट यांनी ही बंधुमंडळी उभी केली. अरबी थाटाची तेव्हा तिकडे मोठी हौस होती, म्हणून टोपी तुर्की आणि पहिल्या शाखेचे नाव तर चक्क ‘मक्का’! इस्लामशी त्याचा काडीचा संबंध नाही. सभासद व्हायला आधी फ्रीमेसन असावे लागते, आणि उलेमांचे त्याविषयीचे मत आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा त्यांच्यात सामील होण्याचा प्रश्नच नाही. पण पैसा कसा गोळा केला आणि कुठे लावला, एवढे पाहण्यासारखे आहे.

सुरुवातीची पन्नासएक वर्षे मेजवान्या, बँड आणि सहली यांतच गेली. १९२० मध्ये पोर्टलंड शहरात वार्षिक अधिवेशन भरले. अध्यक्ष फ्रीलँड केंड्रिक यांनी ठराव मांडला: दर सभासदाने वर्षाला दोन डॉलर द्यावेत आणि त्यातून अपंग मुलांसाठी इस्पितळ बांधावे. कुरकुर सुरू झाली. ठराव बारगळणार असे दिसू लागले, तेव्हा अटलांटाचे फॉरेस्ट अडेअर बोलायला उभे राहिले. म्हणाले, पहाटे जाग आली तर खिडकीखाली एकजण बुडबुड्यांचे गाणे वाजवत होता. पडल्या पडल्या विचार आला, आपणही आजवर नुसते बुडबुडेच उडवत आलो की काय? ठराव एकमताने मंजूर झाला.

दोन डॉलर म्हणजे काही जड रक्कम नव्हे. पण सभासद लाखांच्या घरात, आणि देणे दरवर्षीचे. एका धनिकाने एकदाच मोठा चेक देऊन फोटो काढण्यापेक्षा हे वेगळे. अल्लाहला थोडे पण नेमाने केलेले काम आवडते, ही शिकवण आपण मुलांना देतोच. जमातीच्या वर्गणीला ती लावायला मात्र आपण विसरतो. रमजानात पिशव्या भरतात, शव्वालनंतर पेटी रिकामी.

१९२२ मध्ये लुइझियाना राज्यातल्या श्रीव्हपोर्टला पहिले इस्पितळ उघडले. पहिली रुग्ण एक लहान मुलगी होती. तिचे पाऊल जन्मतः आत वळलेले, त्यामुळे ती तळव्यावर नव्हे, पावलाच्या वरच्या बाजूवर चालायला शिकली होती. नियम साधे होते: मूल चौदा वर्षांच्या आतले असावे, घरच्यांना खर्च झेपत नसावा आणि डॉक्टरांच्या मते इलाजाने फरक पडणारा असावा. मूल सभासदाच्या नात्यातले असण्याची गरज नव्हती. पुढे लसीमुळे पोलिओ हटला, तेव्हा त्यांनी दारे बंद केली नाहीत. १९६० च्या दशकात भाजलेल्या मुलांसाठी तीन इस्पितळे काढली. गरज बदलली तसे काम बदलले. हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण संस्था बहुधा गरज संपली तरी जुनेच काम धरून बसतात.

सगळे गोडच आहे असे नाही. १९८६ मध्ये ऑर्लँडोच्या एका दैनिकाने त्यांचे हिशेब उकरून दाखवले की लोक आजारी मुलांसाठी म्हणून सर्कशीची तिकिटे घेतात, पण त्या पैशातला अगदी किरकोळ भाग इस्पितळांपर्यंत पोहोचतो. बाकीचा शाखांच्या खर्चात जातो. बदनामी व्हायची ती झाली, आणि ती रास्तच होती. तिकीट घेणाऱ्याने मुलांसाठी दिले होते, मंडळींच्या मेजवानीसाठी नव्हे. अमानत म्हणतात ती हीच.

२००८ च्या मंदीत त्यांची ठेव सुमारे ८०० कोटी डॉलरवरून ५०० कोटींवर आली. काही इस्पितळे बंद करावीत असा प्रस्ताव आला. २००९ मध्ये सभासदांनी तो फेटाळला, पण ज्यांचा विमा आहे त्यांच्या विम्याचे पैसे घ्यायचे ठरवले. काही जुन्या मंडळींना हे रुचले नाही. माझ्या मते ठीक केले. ज्याच्याकडे नाही त्याच्यासाठी दार उघडे राहावे, म्हणून ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेण्यात कमीपणा कसला?

आता त्या पहिल्या मुलीच्या पायाबद्दल. आपल्याकडेही अशी बाळे जन्मतात, आणि घरात कोणी ग्रहण काढते, कोणी नजर. खरे तर जन्मानंतर लवकर सुरुवात केली तर दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाच-सहा आठवड्यांत पाऊल सरळ होत येते. मग बहुतेकांना टाचेजवळ छोटी शस्त्रक्रिया, आणि नंतर चारेक वर्षांचे होईपर्यंत झोपताना खास बूट. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. आशाताईंना किंवा अंगणवाडीत विचारा.

उपचार फुकट मिळाला तरी आठवड्याला एसटीचे भाडे आणि बापाचा बुडालेला रोज फुकट नसतो. बूट घालायला मूल रडते, घर कंटाळते, आणि मध्येच सोडले तर पाय पुन्हा वळतो. मोहल्ल्याच्या जमातीला इस्पितळ बांधणे झेपणार नाही. भाडे आणि रोज, चार वर्षे, एका मुलासाठी, एवढे मात्र महिन्याच्या वर्गणीतून निघते. येत्या बैठकीत हा विषय मांडा, आणि वर्षाअखेरीस हिशेबाचा कागद मशिदीच्या फलकावर लावायचे तिथेच ठरवून घ्या.